मुक्काम पोस्ट वरचा ओठ

पुळीची पत ती कुठे उठते यावर ठरते. पाठीवर उठली तर ज्याची त्याची खासगी बाब, साबण लावताना बोट लागलं तर तेवढ्यापुरती आठवण. कपाळावर उठली तर केस पुढे ओढून घ्यायचे, काम भागतं. नाकाच्या शेंड्यावर उठली तर लोक हसतात, मग हसून हसून कंटाळतात. पण ओठांच्या आसपास, त्यातही वरच्या ओठाच्या कडेला, लालबुंद पुळी उठली की तिची मालकी तुमच्याकडे राहत नाही. ती आधी कुटुंबाची होते, मग सोसायटीची, आणि घरात लग्न असेल तर दोन्ही पक्षांची. बोलणाऱ्याच्या तोंडाकडेच सगळे बघतात, त्यामुळे ती लपत नाही. जेवताना झोंबते, हसताना ताणते, चहाचा कप टेकला की बोंबलते, त्यामुळे ती विसरताही येत नाही.

मग सुरू होते चौकशी. आपल्याकडे पुळी बघून 'दुखतंय का हो?' असं कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, 'पोट साफ होतं का?' हा प्रश्न विचारायला काळवेळ लागत नाही. भर कॅन्टीनमध्ये, हातात उपम्याची ताटली घेऊन, ज्यांच्याशी तुमचं बोलणं एरवी प्रवासभत्त्याच्या बिलापलीकडे गेलेलं नाही असे हिशेबखात्यातले साहेब तो विचारतात आणि उत्तराची वाट बघत उभे राहतात. 'हो, होतं' म्हटलं तर त्यांना ते पटत नाही. 'तुम्हाला वाटतं साफ होतं,' असं म्हणून ते गरम पाणी, एरंडेल आणि रात्रीचं जेवण साडेसातला या विषयांकडे वळतात. वस्तुतः पोट साफ असण्यानसण्याचा आणि ओठावरच्या पुळीचा थेट संबंध कोणाला दाखवता आलेला नाही. पण मराठी माणसाच्या शरीरात पोट हे मुख्य कार्यालय आहे. तक्रार कुठलीही असो, अर्ज तिथूनच जाणार.

दुसरं निदान उष्णतेचं. या शास्त्रातली आमच्या घरातली अधिकारी व्यक्ती म्हणजे माझी आत्या. तिच्या डोक्यात वाणसामानाची आणि भाजीबाजाराची अख्खी यादी दोन रकान्यांत तयार आहे. पपई उष्ण, बाजरी उष्ण, शेंगदाणे, तीळ, गूळ, लसूण, अंडी उष्ण. मूग थंड, ताक थंड, दुधी तर इतका थंड की संध्याकाळी खाऊ नये. दही दिवसा थंड, पण सूर्य मावळला की ते पक्ष बदलतं. काकडी थंड, मात्र बियांसकट खाल्ली तर आत्या जबाबदारी घेत नाही. उष्णता झाली की उतारा ठरलेला: भिजवलेला सब्जा, धन्या-जिऱ्याचं पाणी, सकाळी चमचाभर गुलकंद. यातलं काहीही वाईट नाही. ही औषधं एक काम चोख करतात, ती आठवडाभर वेळ काढतात. तेवढ्यात पुळी आपल्या पायाने चालती होते आणि श्रेय गुलकंदाला मिळतं.

आता त्वचेच्या डॉक्टरांचं म्हणणं ऐकू. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. तिचं तेल रंध्रातून वर येतं आणि कातडी मऊ ठेवतं. वयात आलं की अँड्रोजेन नावाची संप्रेरकं या ग्रंथीला जादा पाळीत कामाला लावतात. तिकडे रंध्राच्या आतल्या बाजूचे मेलेले पापुद्रे वेळेवर झडत नाहीत, तेलात चिकटतात आणि बूच बसतं. एरवी आपल्या चेहऱ्यावर निमूटपणे भाड्याने राहणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जंतू त्या बुचाखाली फोफावतो, शरीराची शिबंदी धावून येते, आणि जी धुमश्चक्री होते तिला आपण पुळी म्हणतो. यातली मेख अशी की बूच बसायला लागल्यापासून पुळी दिसेपर्यंत बहुधा कित्येक आठवडे गेलेले असतात. म्हणजे 'काल मिसळ हाणलीस ना, बघ आज आली!' हा दावा कोर्टात टिकायचा नाही. आज उद्‌घाटन झालेल्या पुळीचं भूमिपूजन महिना-दीड महिन्यापूर्वी उरकलेलं असतं. बायकांना पाळीच्या आधी हनुवटीवर आणि ओठांच्या खालच्या बाजूला ठरल्याप्रमाणे पुळी येते, तीही संप्रेरकांचीच करणी. दर महिन्याला येत असेल, पाळीही अनियमित असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन पीसीओएसची तपासणी करून घ्यावी, गुलकंदाची बरणी बदलून उपयोग नाही.

भूमिपूजनाचं हे वेळापत्रक एकदा मान्य केलं की औषधाकडूनही चमत्काराची अपेक्षा राहत नाही. रंध्रं मोकळी करणारी ॲडॅपलीनसारखी क्रीमं आपलं काम दाखवायला दोन-तीन महिने घेतात. आपण तिसऱ्या दिवशी आरशात बघतो, 'काऽही उपयोग नाही' असं जाहीर करतो आणि ट्यूब फ्रिजच्या दारात अंड्यांशेजारी कायमची ठेवून देतो. बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांचं घेतलं तरी जवळपास दहा टक्क्यांइतकंच काम करतं आणि कातडी कमी सोलतं, हे तपासून झालेलं आहे. तरी दुकानात माणूस दहा टक्केवालंच मागतो. टक्के जास्त असले की आपल्याला बरं वाटतं, दहावीपासूनची सवय आहे. हे औषध टॉवेलचा आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडवतं, हे मात्र खोक्यावर बारीक अक्षरात असतं आणि घरात मोठ्या आवाजात कळतं.

खाण्यापिण्याला पूर्ण क्लीन चिट आहे असंही नाही. १९६९ साली अमेरिकेत चॉकलेटची चौकशी झाली. पासष्ट जणांना काही आठवडे खरं चॉकलेट आणि काही आठवडे कोको नसलेली तशीच वडी खायला घातली. पुळ्यांत फरक पडला नाही, चॉकलेट निर्दोष सुटलं. गंमत अशी की त्या बिनकोकोच्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती, आणि अभ्यासाला पैसे चॉकलेट बनवणाऱ्यांच्या संघटनेचे होते. आपल्याकडच्या कितीतरी चौकशी समित्या हा अहवाल वाचून हळव्या होतील. पुढे २००२ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या बाराशे लोकांचे चेहरे तपासले होते, त्यात एकावरही पुळी सापडली नव्हती. ती मंडळी कंदमुळं, फळं, मासे आणि नारळ खातात. कोकणातल्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, 'मग आम्ही काय वेगळं खातो?' वेगळं म्हणजे मैद्याचे पाव, चहाबरोबरची बिस्किटं, पेढे आणि दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखर. हल्ली त्यात जिमवाल्या पोरांच्या डब्यातली दुधाची पावडर मिळवा. दंड फुगतात आणि त्याच महिन्यात हनुवटीही.

पण ओठांभोवतीच्या भागाचं एक खास आहे. तो चेहऱ्याचा जकात नाका आहे. आत जाणारा सगळा माल आणि बाहेर येणारा सगळा शब्द तिथून जातो, आणि प्रत्येक जण जाता जाता काहीतरी सांडून जातो. तेव्हा या भागातल्या पुळ्यांसाठी पोटात डोकावण्याआधी दारात काय सांडलंय ते बघावं.

सकाळचंच घ्या. आपण आधी तोंडावर साबण फिरवतो, मग ब्रश तोंडात घालून घरभर फिरतो. गॅस बारीक करतो, पेपर उचलतो, पोराला उठवतो, आणि हे सर्व करताना 'उं उं' अशा भाषेत आदेश देतो. त्या आदेशांबरोबर फेस ओठांच्या कोपऱ्यांतून हनुवटीवर उतरतो. टूथपेस्टमधला फेसाचा साबण, पुदिना, दालचिनीचा वास देणारी द्रव्यं ही तिथल्या नाजूक कातडीला सोसतातच असं नाही. उपाय फुकट आहे: आधी दात घासा, नंतर चेहरा धुवा. पण याच टूथपेस्टची आपल्याकडे औषध म्हणूनही ख्याती आहे. रात्री पुळीवर थापून झोपायचं, सकाळी पुळी बसते असं म्हणतात. सकाळी पुळी तशीच असते, फक्त तिच्याभोवती भाजल्यासारखं एक लाल वर्तुळ आलेलं असतं.

थंडीत ओठांना तूप, खोबरेल किंवा लिप बाम लावण्यात गैर काही नाही, ते ओठांवर राहिलं तर. आपण मात्र चपातीला तूप लावल्यासारखं ते कडेपर्यंत पोचवतो, शिवाय चार बोटं पलीकडे. रंध्रं बुजतात. शाळकरी मुलांना तर ओठांच्या कडेला बारीक पिवळसर दाणे दिसले तरी घाम फुटतो आणि ते पिळायला बसतात. त्या पुळ्या नाहीतच. त्या बिनकेसांच्या तेलग्रंथी आहेत, बहुतेक मोठ्या माणसांना असतात, आणि १८९६ साली फोर्डाइस नावाच्या अमेरिकी डॉक्टराने त्यांचं वर्णन करून ठेवल्यापासून त्या त्याच्या नावावर आहेत. पिळून त्या जात नाहीत.

आता मे महिन्याकडे वळू. लग्नं, निकाल आणि आंबे यांचा हा महिना, आणि तोंडाभोवतीच्या पुरळाचाही. पोराच्या ओठांभोवती फोड उठले की घराचं मत एकमुखी असतं: आंबा बाधला. आंबा उष्ण, पोरगं दिवसाला चार खातंय, दुसरं काय होणार? यात आरोपी बरोबर पकडलेला आहे, कलम चुकलंय (हापूसचं नव्हे, फौजदारी). गर निरपराध आहे. गुन्हा चिकाचा.

झाडावरून आंबा देठापासून खुडला की पाण्यासारखा पातळ चीक चिळकांडी मारून उडतो, सालीवरून ओघळतो, वाळतो आणि काळा डाग सोडतो. बिब्ब्यात आणि काजूच्या टरफलात कातडी जाळणारी जी द्रव्यं असतात, त्यांची भावंडं या चिकात आणि सालीत असतात. नवल नाही, आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उतलेला माणूस ज्यांनी पाहिलाय त्यांना अधिक सांगायला नको. आपण वर्षभर दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालतो आणि उन्हाळ्यात त्याच्याच नातेवाइकाला हौसेने तोंड लावतो.

कापून, फोडी करून, काट्याने खाणारा शहरी माणूस यातून बराचसा सुटतो. सापडतो तो रायवळ चोखणारा. त्याची पद्धत अशी: आंबा दोन्ही तळव्यांत फिरवून मऊ करायचा, देठाकडचं टोक दाताने उडवायचं आणि तिथेच ओठ लावून ओढायचं. म्हणजे सगळ्या फळात चीक जिथे सर्वांत जास्त, नेमकं तिथे. वर कोय चोखताना साल गालभर फिरते ती वेगळीच. सगळ्यांनाच बाधतं असं नाही, आणि ज्यांना बाधतं त्यांनाही लगेच नाही, बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी उठतं. तोवर पोराने वडापाव, बर्फाचा गोळा आणि शेजारच्या मुंजीतली जिलबी खाल्लेली असते, त्यामुळे संशयितांची रांग लागते आणि चीक त्या रांगेत दिसतच नाही.

जुन्या बायका आंबे खायच्या आधी तास-दोन तास पाण्याच्या बादलीत टाकायच्या आणि चोखायच्या आधी देठाकडचे पहिले दोन-चार थेंब पिळून टाकायला लावायच्या. कारण विचारलं तर 'उष्णता निघून जाते'. कृती शंभर टक्के बरोबर, पाण्याने चीक धुऊन निघतो. मी हे आत्याला नीट समजावून सांगितलं. रिसॉर्सिनॉल वगैरे शब्दही वापरले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'अरे, तेच मी म्हणतेय. उष्णता निघून जाते.'

यात मला खटकतं ते वेगळंच. आंबा देठासकट उतरवता यावा, फळावर चीक सांडून त्याच्या गालावर डाग पडू नये, म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने खास 'नूतन झेला' तयार केला. आंब्याच्या गालाची इतकी काळजी! पोराच्या गालासाठी अवजार नाही, तिथे आई पदराला थुंकी लावून पुसते. त्यापेक्षा आंबा खाऊन झाल्यावर साबणाने तोंड धुवावं, कोपरापर्यंतचे हातही. पोरं तो ओघळ कोपरापर्यंत नेतात.

लग्नघरात आंब्याशिवाय आणखीही सोय असते. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी करवल्यांची पलटण पार्लरात जाते आणि 'अप्पर लिप' करून येते. दोऱ्याचं एक टोक पार्लरवालीच्या दातांत, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांत, आणि मधल्या पिळात तुमचा वरचा ओठ. त्याच दातांत दोरा धरून ती मागच्या खुर्चीवरच्या बाईला फेशियलचे दरही सांगते. केस मुळापासून उपटले की रंध्र उघडं पडतं, वर पावडर, वर क्रीम, वर घाम. सकाळी अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना ओठांवर बारीक पुळ्यांची रांग. हे काम चार-पाच दिवस आधी उरकावं, नवा दोरा मागावा, आणि दोरा दातांऐवजी गळ्याला बांधून करणारी मिळाली तर तिला सोडू नये. नंतर तिथे थंड पाण्याची घडी पुरते. त्यातच एक लिपस्टिक सगळ्या करवल्यांच्या ओठांवरून फिरते आणि वर बाजारातली खोटी नथ ओठाला टेकून बसते. त्या नथीत निकेल असेल आणि नवरीला निकेल सोसत नसेल, तर फोटोतली खाज आल्बम बघतानाही आठवते. पुरुषांनी हसू नये. सलूनमध्ये 'उलटा हात मारू का?' असा प्रश्न येतो, आपण गुळगुळीतपणाच्या मोहाने मान डोलावतो, आणि मग खोलवर कापलेले राठ केस बाहेर यायच्या ऐवजी वळून आत शिरतात. ब्लेड नवं, हात केसांच्या दिशेने, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

यानंतरचं निदान रात्रीच्या अंधारातून येतं: पाल मुतली. काही घरांत पालीऐवजी कोळी. झोपेत कोणी प्राणी येऊन नेमका ओठांवर लघवी करून जातो, ही कल्पनाच अशी आहे की ऐकणाऱ्याचं पहिलं लक्ष छताकडे जातं. पालीच्या बाजूने एक साक्ष नोंदवतो. पाल आपल्यासारखी पातळ लघवी जवळजवळ करतच नाही. तिच्या लेंडीच्या टोकाला जो पांढरा ठिपका असतो, तेच तिचं मूत्र. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर गालावर किंवा मानेवर जळजळीत लाल पट्टा आणि त्यावर फोड दिसले, तर बऱ्याचदा दोषी असतो तो एक नारिंगी-काळा, सेंटिमीटरभरही लांबी नसलेला किडा. तो ट्यूबलाइटवर येतो, उशीवर उतरतो, चावत नाही. आपणच झोपेत त्याला अंगावर चिरडतो आणि त्याच्या रसातल्या पेडेरिन नावाच्या विषाने कातडी भाजते. फुंकर मारून उडवला असता तर दोघेही सुखी राहिले असते.

पण ओठाच्या अगदी कडेला, आधी मुंग्या आल्यासारखं होऊन, मग पाण्याने भरलेले बारीक फोड एका पुंजक्यात उठले, फुटले, खपली धरली, आणि दर खेपेला साधारण त्याच जागी परत आले, तर तो ना पालीचा उद्योग ना तेलाचा. त्याला लोक 'ताप फुटला' म्हणतात. ताप येऊन गेल्यावर तो उठतो हे निरीक्षण खरंही आहे. हे काम हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या पहिल्या प्रकाराचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या अंगात तो आहे, म्हणजे १०० तले ६४. एकदा शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो आणि ताप, कडक ऊन, जागरण, ताण असलं काही निमित्त झालं की वर येतो. याला पुळीचं क्रीम चोळून काही होत नाही. असायक्लोविरसारखं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, मुंग्या येताहेत तोवरच सुरू केलं तर उपयोग. ज्याला उन्हाने उठतो त्याने ओठांना सनस्क्रीन लावावं.

कॉलेजात या फोडाला फार सोसावं लागतं. 'काय रे, शनिवारी कुठे होतास?' इथून सुरुवात होते आणि बिचारा शनिवारी रेशनच्या रांगेत होता हे कोणी मानत नाही. खरी गोष्ट अशी की हा विषाणू बहुतेकांना भेटतो तो लहानपणीच, घरातच, प्रेमाने मुके घेणाऱ्या थोरामोठ्यांकडून. आमच्या घरात बारशाला सर्वांत जास्त मुके कोण घेतं, याची मी मनातल्या मनात उजळणी केली. नाव कळलं. ते उष्णतेच्या शास्त्रातल्या अधिकारी व्यक्तीचंच होतं. तेव्हा गंमत बाजूला ठेवून एकच: ओठावर असा फोड असताना तान्ह्या बाळाचा मुका कोणीही घेऊ नये. तान्ह्याला हा विषाणू जिवावर बेतू शकतो.

आता बोटांचं प्रकरण. ओठाशी पुळी आहे हे कळलं की उजव्या हाताची तर्जनी दिवसभर तिची ख्यालीखुशाली विचारत असते. संध्याकाळी आरसा, पांढरा दिवा, दार बंद, आणि दोन नखं. बाहेरून 'किती वेळ?' असं कोणी ओरडेपर्यंत शस्त्रक्रिया उरकलेली असते. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणाला डॉक्टर धोक्याचा त्रिकोण म्हणतात, कारण तिथल्या शिरांचं रक्त डोळ्यांमागून थेट मेंदूलगतच्या शिरांपर्यंत जाऊ शकतं. तिथली पिकलेली पुळी पिळून जंतू आत ढकलले तर क्वचित फार महागात पडतं. प्रतिजैविकं आल्यापासून हे दुर्मीळ झालंय. त्याआधी नव्हतं.

अलेक्सान्दर स्क्रियाबिन हा रशियाचा मोठा संगीतकार. त्याला एक महारचना करायची होती: हिमालयाच्या पायथ्याशी खास देवालय उभारायचं, सात दिवस संगीत, नृत्य, प्रकाश आणि सुगंध यांचा सोहळा चालायचा, आणि शेवटी सध्याचं जग संपून मानवजात वरच्या पायरीवर जायची. हिंदुस्थानात यायची त्याची तयारीही चालू होती. १९१५ च्या एप्रिलमध्ये त्याच्या वरच्या ओठावर पुळी उठली. ती चिघळली, ताप चढला, रक्तात विष पसरलं, आणि मॉस्कोत त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला. सात दिवसांत जग संपवायला निघालेल्या माणसाचं काम एका पुळीने त्याहून कमी गाजावाजात केलं. ओठाशी पुळी येऊन चेहरा सुजला, ताप आला, डोळ्याभोवती दुखायला लागलं, तर सब्ज्याची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. इतकं काही झालं नाही तरी पिळलेल्या पुळीचा काळा डाग आपल्या सावळ्या कातडीवर कित्येक महिने राहतो. न पिळलेली आठवड्यात जाते.

मात्र ओठांभोवतीच्या पुळ्यांचा आपल्याकडचा सर्वांत भरवशाचा पुरवठादार ना आंबा, ना पाल. तो मेडिकलच्या दुकानात काउंटरपलीकडे उभा असतो. 'तोंडाभोवती पुळ्या आल्यात' असं म्हणायचा अवकाश, वाक्य संपायच्या आत ट्यूब समोर. 'ही लावा. चार दिवसांत साफ. घरात सगळ्यांना चालते.' ती खरंच सगळ्यांना चालते. गजकर्ण, खाज, घामोळं, भाजलेलं, चावलेलं, कशालाही तीच ट्यूब. तिच्यात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि त्यांच्या पाठीमागे लपून बसलेलं स्टिरॉइड असतं. चमत्कार करतं ते हे. दोन दिवसांत लाली जाते, आठवड्यात चेहरा उजळल्यासारखा दिसतो, मावशी विचारते 'काय लावतेस गं?', आणि ट्यूबची कीर्ती मजल्यामजल्याने वर चढते. २०१८ साली सरकारने चौदा स्टिरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. बंदी कागदावर आहे आणि ट्यूब काउंटरवर.

पुढचा अंक ठरलेला. ट्यूब थांबवली की पुळ्या दुप्पट येतात, म्हणून पुन्हा लावायची, की पुन्हा जातात. हळूहळू कातडी पातळ होते, आणि ओठांभोवती बारीक लाल पुरळाचं कडं उमटतं. त्याची खूण अशी की ओठाला अगदी लागून एक अरुंद पट्टी स्वच्छ राहते, आणि तिच्यापलीकडे पुरळ सुरू होतं. याला पेरिओरल डर्मटायटिस म्हणतात, आणि तो विशेषकरून विशी ते चाळिशीतल्या बायकांना गाठतो. माझ्या आतेबहिणीला लग्न ठरल्यावर त्याने गाठलं. ट्यूबच्या जोडीला मग हळद, साय, मुलतानी माती, सहाणेवर उगाळलेलं चंदन आणि जायफळ, कोणीतरी सुचवलेला लिंबाचा रस, कोणीतरी त्याहून ठामपणे सुचवलेली लसूण, आणि सकाळी चूळ न भरता लावायची थुंकी, असं सगळं त्या दोन इंच जागेवर आळीपाळीने होऊन गेलं. पुरळ हनुवटीवर उतरलं तेव्हा आत्या तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. गाडी चालवायला मी.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं, काय काय लावलं ते विचारलं आणि यादी संपेपर्यंत पेन खाली ठेवून दिलं. मग म्हणाल्या, "सगळं बंद. साध्या पाण्याने तोंड धुवायचं, बस. आधी दोन-तीन आठवडे वाढेल, घाबरायचं नाही, मग उतरेल. लागल्या तर पोटात घ्यायच्या गोळ्या पुढच्या वेळी देईन. आत्ता काहीही लावायचं नाही."

"हळद?" आत्या म्हणाली.

"नाही."

"साय? दुधावरची, घरची आहे."

"नाही."

"कुंडीतली कोरफड?"

"तीसुद्धा नाही. काही नाही म्हणजे काहीच नाही."

आत्याने मान डोलावली, पर्समधून फीचे पैसे काढले, ते मोजले, आणि दाराशी पोचल्यावर मागे वळून विचारलं, "बरं डॉक्टर, हे काही न लावणं दिवसातून किती वेळा करायचं?"